सरकार जेव्हा प्रतिवादी असते

प्रश्न : मी विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारने नागरिकावर अन्याय केला, तर त्याला आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागता येते, असे वर्गात ऐकले. तिथे खटला कसा चालतो, पुरावा कोणी द्यायचा आणि आपल्याला ही वाट खुली आहे का?
– एक विद्यार्थिनी, धंतोली, नागपूर

उत्तर : अशी न्यायालये प्रादेशिक आहेत. युरोपसाठीचे न्यायालय फ्रान्समधील स्ट्रासबर्गला, अमेरिका खंडांसाठीचे कोस्टारिकातील सान होजे येथे, तर आफ्रिकेचे टांझानियातील अरुशा येथे आहे. आशियात असे न्यायालय नाही. त्यामुळे भारत सरकारविरुद्धची तक्रार यांपैकी कुठेही नेता येत नाही. मात्र स्ट्रासबर्गमध्ये अर्जदाराचे नागरिकत्व पाहिले जात नाही. अन्याय करणारे राज्य, म्हणजे देश, युरोपीय मानवी हक्क कराराला बांधलेले आहे का, एवढेच पाहिले जाते. जर्मनीत शिकणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्याचा हक्क तिथल्या पोलिसांनी डावलला, तर तो जर्मनीविरुद्ध अर्ज करू शकतो.

परंतु त्याला आधी जर्मनीतील न्यायालयांत दाद मागावी लागेल. देशातील उपाय संपवल्याशिवाय, आणि अंतिम निर्णयानंतर चार महिन्यांच्या आत आल्याशिवाय (ही मुदत २०२२ पर्यंत सहा महिन्यांची होती), अर्ज विचारात घेतला जात नाही. अर्जाला शुल्क नाही आणि सुरुवातीला वकीलही सक्तीचा नाही. तरीही बहुसंख्य अर्ज याच टप्प्यावर, बरेचदा एकाच न्यायाधीशाच्या निर्णयाने, फेटाळले जातात. जे तग धरतात ते साधारणपणे तीन किंवा सात न्यायाधीशांपुढे जातात आणि मोजकी प्रकरणे सतरा न्यायाधीशांच्या महापीठापुढे पोहोचतात. सात न्यायाधीशांच्या पीठावर प्रतिवादी राज्यासाठी निवडलेला न्यायाधीशही बसतो, कारण तिथला कायदा जाणणारा कोणीतरी पीठावर असावा लागतो. सरकारला नोटीस जाते, ते लेखी उत्तर देते, अर्जदार त्यावर आपले म्हणणे मांडतो, आणि क्वचितच जाहीर सुनावणी होते. मधल्या काळात दोन्ही पक्षांना तडजोडही करता येते. न्यायालय कोणा अधिकाऱ्याला शिक्षा देत नाही. राज्याने कराराचा भंग केला की नाही, एवढेच ते ठरवते आणि आवश्यक वाटल्यास भरपाई मंजूर करते.

पुराव्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कोठडीची नोंदवही, जबाब आणि फाईल हे सारे सरकारच्याच कपाटात असते. सान होजे येथील न्यायालयाने १९८८ मध्ये वेलास्केझ रॉद्रिगेझ विरुद्ध होंडुरास या खटल्यात यावर दिलेले उत्तर तुम्ही मुळातून वाचावे. होंडुरासच्या राजधानीतून सप्टेंबर १९८१ मध्ये मानफ्रेदो वेलास्केझ या विद्यार्थ्याला सशस्त्र माणसांनी उचलून नेले आणि तो पुन्हा कोणालाही दिसला नाही. त्याला कोणी नेले याचा कागद कुटुंबाकडे असणे शक्यच नव्हते. न्यायालयाने दोन गोष्टी तपासल्या : त्या काळात माणसे बेपत्ता करण्याची पद्धत तिथे सरकारी यंत्रणेकडून चालत होती का, किंवा ती निदान खपवून घेतली जात होती का, आणि हे प्रकरण त्या पद्धतीत बसते का. दोन्ही सिद्ध झाल्यावर, जो पुरावा राज्याच्या सहकार्याशिवाय मिळूच शकत नाही तो तक्रारदाराने आणला नाही, ही सबब राज्याला घेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तपास न करणे हाही राज्याचा दोष ठरला. खटला चालू असताना साक्षीशी संबंधित व्यक्तींच्या हत्या झाल्या आणि न्यायालयाला साक्षीदारांच्या संरक्षणाचा आदेश काढावा लागला, यावरून अशा खटल्यात उभे राहणाऱ्या माणसाची जोखीम ध्यानात यावी.

निकालाची अंमलबजावणी ही या व्यवस्थेची कमकुवत बाजू आहे. स्ट्रासबर्गच्या निकालांवर सदस्य राष्ट्रांच्या मंत्र्यांची समिती लक्ष ठेवते, पण तिच्याकडे पोलीस नाहीत. तुरुंगात असलेले तुर्कस्तानातील सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांची सुटका करावी असे २०१९ मध्ये सांगूनही तुर्कस्तानने ते ऐकले नाही. २०२२ मध्ये महापीठाने तो आदेश मोडल्याचा वेगळा निकाल दिला, तरी कवाला तुरुंगातच राहिले. तरीसुद्धा भरपाई देणारी आणि कायदे बदलणारी राज्येही पुष्कळ आहेत, म्हणून मी या न्यायालयांना निष्फळ म्हणणार नाही.

आता आपल्याकडचे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार नेऊ देणारा त्याचा जोड-करार स्वीकारला नाही. तरीही त्या कराराचा आपल्या न्यायालयांत उपयोग होतो. ओडिशातील नीलाबती बेहेरा यांचा मुलगा पोलीस कोठडीत गेल्यानंतर मृतावस्थेत सापडला. त्यांचे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि १९९३ मध्ये त्याच कराराचा आधार घेत दीड लाख रुपयांची भरपाई दिली. नागपूरकरासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील याचिका सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे करता येते. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल, तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे. दोन्ही ठिकाणी तारखेसह केलेला लेखी अर्ज, त्याची पोच आणि वैद्यकीय अहवालाची प्रत पहिल्याच दिवसापासून जपून ठेवलेली असावी.