रायझन ५ ५६०० प्रोसेसरसोबत आलेला कूलर परभणीच्या उन्हाळ्यात पुरेल का, की वेगळा घ्यावा?

गेमिंग आणि ऑफिसचं काम एवढंच असेल तर पुरतो. या प्रोसेसरचा टीडीपी (कूलरने बाहेर काढायची उष्णता) ६५ वॅट आहे आणि सोबतचा रेथ स्टेल्थ कूलर तेवढ्यासाठीच दिलेला असतो. एप्रिल-मेमध्ये मात्र खोली ३८-४० अंशांवर जाते. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. त्यामुळे आधी मोजा: भरदुपारी सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) १० मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. ८५ च्या आत राहिलं तर पैसे खर्चू नका. ९० ला टेकून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येत असेल, किंवा तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत असाल, तर १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. लिक्विड कूलरची गरज नाही.

घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो ते बघाच. असे टॉवर बहुधा १५०-१६० मिमी उंच असतात.

जुना काढताना लोक हमखास फसतात. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट घट्ट धरते आणि सरळ ओढलं की प्रोसेसर कूलरसोबत सॉकेटमधून उपसून येतो, पिना वाकतात. मशीन थोडं तापवून बंद करा, प्लग काढा, चारही स्क्रू आलटून-पालटून सैल करा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. मदरबोर्डच्या मागची बॅकप्लेट (स्क्रू जिच्यात बसतात ती पट्टी) हाताने धरून ठेवा, नाहीतर निसटते. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढायला विसरू नका, पेस्ट वाटाण्याएवढीच.

आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका.