बेंबीला हर्निया असलेलं आठ महिन्यांचं शिंगरू विकत घ्यावं का?

गाठ मऊ असेल, दाबल्यावर आत जात असेल आणि ती जिथून बाहेर येते ती पोटाच्या भिंतीतली फट एक-दोन बोटांचीच असेल, तर तेवढ्यासाठी मी चांगलं शिंगरू सोडणार नाही. अशी फट बरेचदा वर्षाच्या आत आपोआप बुजते; नाहीच बुजली तर शस्त्रक्रिया करता येते. तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

पण स्वतः हात लावून बघा. गाठ हळूच आत ढकलली की फटीची गोल कड बोटांना लागते. गाठ गरम, कडक लागली किंवा शिंगरू दुखून अंग चोरू लागलं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा सौदा बाजूला, आधी डॉक्टर! आणि खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या डॉक्टरकडूनच. पुढे पैदास करायची असेल तर मात्र घेऊ नका, हा दोष पिल्लांत उतरू शकतो.