पहिलीत नाव घालण्याआधी त्याला डबा उघडता येतो का बघा

ताई, मुलाला पहिलीत घालू की एक वर्ष थांबू, हा तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागेना. मुलगा नोव्हेंबरचा, जूनमध्ये साडेपाच पार. शाळा म्हणते वयात बसतोय, पहिलीत घाला. सासूबाई म्हणतात वर्ष कशाला वाया घालवायचं. आणि पोरगं मोठ्या गटातूनच (सीनियर केजी) रोज रडत घरी येतंय. अगदी असंच 2022 साली आमच्या घरी चाललं होतं.

जन्मदाखला, आधार वगैरेत शिरत नाही, ते तुम्ही केलंच असेल. वयाचं तेवढं सांगते, कारण तिथंच आम्ही फसलो. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण ही अट 2020 च्या सप्टेंबरात आली, त्याआधी तारीख 30 सप्टेंबर होती. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरात जन्मलेली जी मुलं एक वर्ष थांबायची, ती आता त्याच वर्षी वयात बसतात आणि वर्गात सगळ्यांत लहान असतात. पण ही कमीत कमी वयाची अट आहे. वयात बसतोय म्हणजे घालू शकता, घातलंच पाहिजे असं नाही. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आमचा मुलगा डिसेंबर 2016 चा. लहान गट, मोठा गट दोन्ही कोरोनात मोबाईलवरच गेले. घरी मामंजींचं म्हणणं, आमच्या वेळी गुरुजी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, हात पोचला की पहिली. जन्मतारीख 1 जून लिहून टाकायची, संपलं. ते प्रेमानंच बोलत होते आणि ह्याचा हातही कानाला पोचत होता. घातलं पहिलीत.

पहिले तीन आठवडे डबा रोज भरलेला परत यायचा. चपाती-भाजी नको असेल म्हणून उप्पीट दिलं, शिरा दिला, शेंगदाण्याची चटणी लावून चपातीची गुंडाळी दिली. सगळं तसंच परत. मी ओरडलेही. जुलैत एकदा पावसाचा जोर वाढला म्हणून मी त्याला लवकर आणायला गेले. मधली सुट्टी चालू होती. दारातून बघते तर हा डबा पोटाशी दाबून धरून झाकणाची क्लिप दातानं ओढतोय. निघेना, तसा त्यानं डबा गुपचूप दप्तरात ठेवला आणि शेजारच्या पोराच्या तोंडाकडे बघत बसला. बाईंना का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाला, "बाई म्हणतात आता तुम्ही मोठे झालात." तीन आठवडे लेकरू उपाशी राहिलं होतं, आणि मी घरी त्याला अ ते ज्ञ पाठ येतंय म्हणून खूश होते.

खरी चूक त्याच्या पुढची. आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो, सवय होईल म्हणून. मग ठरवलं, परत मोठ्या गटात बसवू. शाळेच्या ऑफिसात सांगितलं, नाव ऑनलाइन चढलंय, आता आमच्या हातात नाही, वरून पत्र आणा. वरच्या कार्यालयात गेले (कुठलं ते लिहीत नाही), ते म्हणाले आधी शाळेचं पत्र आणा. चार वेळा अर्धी रजा टाकून गेले. एकदा दोन तास बाकावर बसवलं आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून परत पाठवलं. नाही तर नाही, पण तेही कागदावर कुणी दिलं नाही. शेवटी पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पाच मिनिटांत समजावलं: बालवाडीत, केजीत मूल दोन वर्षं बसलं तर कुणी विचारत नाही. पहिलीत नाव लागलं की मागं येणं जवळजवळ बंद, कारण पहिली-दुसरीत मूल मागं ठेवायची सोयच शिक्षणहक्क कायद्यात नाही. हे एक वाक्य मला जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर! दुसरी संपेपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. आता बरा आहे, पण गणिताच्या तासाला अजून पोटात दुखतं म्हणतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, थांबायचं असेल तर आत्ताच, मोठ्या गटातच थांबा. धाकटी ऑक्टोबरची आहे, तिला आम्ही मोठ्या गटात दोनदा बसवलं. नातेवाईक बोलले, बोलू दे. तयारी बघताना एबीसीडी बघू नका. डबा आणि पाण्याची बाटली स्वतः उघडतो का, शू लागली की परक्या माणसाला सांगतो का, चड्डीचं बटण लावतो का, दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर दोन्ही करून येतो का, ते बघा.

मी डॉक्टर नाही, शिक्षिकाही नाही. आमचं वर्ष कोरोनाचं होतं, त्यामुळं तुमचं तंतोतंत तसंच होईल असं नाही. बोलणं उशिरा आलं असेल किंवा ऐकण्याची शंका असेल तर नुसतं थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्क्यांच्या राखीव जागेतून अर्ज करणार असाल तर तिथं वयाला वरचीही मर्यादा असते, ती आधी बघा, नाहीतर थांबण्याच्या नादात जागा जायची. केजीची फी दुसऱ्यांदा भरणं जड जात असेल तर अंगणवाडीला नाक मुरडू नका. 6 वर्षांपर्यंत पैसे न देता बसवता येतं, आणि आमच्या गल्लीतल्या सेविकाबाई मुलांना हातानं काम करायला लावतात, जे मला त्या भारी शाळेत दिसलं नाही.

अजून एक. कुठली शाळा मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवडते म्हणाली तर घाबरू नका, 2009 च्या त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या 13 व्या कलमानं त्याला बंदी आहे. हेही मला फार उशिरा कळलं.

तुम्ही या आठवड्यात मुख्याध्यापकांना अर्ज द्या, की मुलाला आणखी एक वर्ष मोठ्या गटात ठेवायचं आहे. दोन प्रती न्या, एकीवर तारीख घालून पोच घ्या. ऑफिसातल्या क्लार्कच्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. आणि आज मधल्या सुट्टीत त्यानं डबा खाल्ला का, ते त्याच्या बाईंना विचारा.