दारात उभे राहून पाहिलेला शेवट

वाचकाचे पत्र: मी ५३ वर्षांची असून कोथरूडला राहते. शनिवारी दुपारी टीव्हीसाठी बनवलेले इंग्रजी प्रेमपट पाहण्याची मला सवय आहे. त्यांतल्या एकात नायिका जुनी बेकरी विकत घेते, तिथल्या खणामागे तिला बारा वर्षांपूर्वी हरवलेले एक पत्र सापडते आणि ते लिहिणारा माणूसच तिच्यासाठी जन्माला आला होता, असे शेवटी निघते. पिठाचे हात ॲप्रनला पुसून ती ते पाकीट उचलते, तिथे मला दर वेळी रडू येते. तीनदा पाहिला, तिन्ही वेळा रडले. लेक म्हणते, ‘आई, किती टुकार आहे हे!’ आमचे हे चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात आणि शेवट झाला की ‘संपलं का?’ एवढेच विचारतात. आमचे लग्न पत्रिका पाहून ठरले, साडेअठरा गुण जुळले होते. आता वाटते, माझा खरा जोडीदार दुसराच कुणी होता का? आणि या वयात असले काही आवडणे चूक आहे का?

प्रिय ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. असे चित्रपट आवडण्यात काहीही चूक नाही, आणि ते लपूनछपून पाहण्याचेही कारण नाही. दोन तासांच्या वेळेत जाहिराती वजा जाता दीड तासाच्या आसपास उरणारी गोष्ट, प्रत्येक जाहिरातीपूर्वी मनात अडकून राहील असा एखादा प्रश्न, आणि शेवट गोड होणार याची पहिल्या प्रसंगापासून दिलेली हमी, अशी त्यांची घडण असते. अमेरिकेत या परंपरेचे एक मूळ शुभेच्छापत्रे छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीपर्यंत जाते. त्या कंपनीने १९५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आपली दूरचित्रवाणी नाट्यमाला सुरू केली, आणि पुढे तिच्या नावाची वाहिनी अशा प्रेमपटांसाठीच ओळखली जाऊ लागली. शुभेच्छापत्रातला मजकूर काय असणार हे पाकीट उघडण्याआधीच माहीत असते, तरी कुणीतरी तो आपल्यासाठी निवडून आणला याचे अप्रूप कमी होत नाही. तुमच्या लेकीला शेवट आधीच कळतो म्हणून चित्रपट टुकार वाटत असेल, तर तिला एवढेच सांगा की कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, आणि तरीही उत्तररंगात डोळे पुसणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आता तुम्हाला खरोखर टोचणाऱ्या प्रश्नाकडे येते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. तुम्हाला रडू येते ते नायक-नायिकेच्या भेटीच्या वेळी नव्हे, किंवा तो तिला मागणी घालतो तेव्हाही नव्हे. ती पिठाने माखलेले हात पुसते आणि मगच पाकिटाला हात लावते, तेव्हा येते. तिला पत्ता नसताना बारा वर्षे कुणीतरी तिची आठवण ठेवून होते, हे तिला त्या क्षणी कळते. मला वाटते, तुमचे मन हेलावते ते या जाणिवेने. आपल्या नकळत कुणाच्या तरी मनात आपल्याला जागा असावी, ही भूक ५३ व्या वर्षी कमी होत नाही, उलट लेक मोठी झाल्यावर आणि घर शांत झाल्यावर ती अधिक जाणवते. या भुकेवरून तुमचे लग्न चुकीच्या माणसाशी झाले असा निष्कर्ष काढणे मात्र मला मान्य नाही.

एकमेकांसाठीच जन्मलेल्या जोडीची कल्पना फार जुनी आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने आपल्या एका संवादात नाटककार ॲरिस्टोफनीसच्या तोंडी एक कथा घातली. चार हात, चार पाय आणि दोन तोंडे असलेल्या मूळच्या माणसांना झ्यूसने मधोमध कापले आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपला दुसरा अर्धा भाग शोधत फिरतो आहे, असे त्या कथेत सांगितले आहे. सुंदर कथा आहे, पण अर्धे अर्ध्याला मिळाले की तिच्यात पुढे काही उरत नाही. आपल्याकडचा ‘ऋणानुबंध’ हा शब्द मला म्हणूनच अधिक जवळचा वाटतो. त्यात भेट पूर्वीची आहे असे मानले, तरी देणेघेणे भेटीनंतरच सुरू होते आणि ते रोजच्या रोज फेडावे लागते. तुमची पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनीदेखील छत्तीसपैकी छत्तीस गुण मागितले नव्हते. अठरा जुळले की पुढे जाता येते, असेच आपल्याकडे मानले जाते. उरलेल्या साडेसतरा गुणांचे काय करायचे, हे तुम्हा दोघांवर सोपवले होते, आणि इतकी वर्षे तुम्ही ते करत आला आहात.

रेमंड नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. जोडी आधीच ठरलेली असते असा ज्यांचा पक्का विश्वास होता, त्यांचे नाते टिकणे न टिकणे हे सुरुवातीला ते किती सुखाचे वाटले यावर फार अवलंबून होते. पहिल्या दिवसांतच मन खट्टू झाले तर ‘हे माणूस आपले नव्हेच’ असे ठरवून ती मंडळी लवकर दूर होत. हा अभ्यास महाविद्यालयीन तरुणांच्या नव्या नात्यांचा होता, त्यामुळे तो तुमच्या संसाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी चित्रपटातली नियती दीड तास मनापासून मानावी आणि दूरचित्रवाणी बंद केल्यावर तिचे माप नवऱ्याला लावू नये, इतके त्यातून मी जरूर घेईन. तुमच्या घरात अपमान किंवा धाक असता तर माझे उत्तर निराळे असते. तसे काही असेल आणि लिहायचे राहून गेले असेल, तर मला अवश्य पुन्हा लिहा.

तुमच्या पत्रातले जे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. चहा घेऊन दारात उभा राहिलेला माणूस शेवट होईपर्यंत तिथून हलत नाही. चहा संपायला पाच मिनिटे लागतात, आणि बसायला दिवाणखान्यात जागा असते. चित्रपटात रस नसता तर त्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र उघडले असते. ते कदाचित चित्रपट पाहत असतील, कदाचित तुम्हाला पाहत असतील, आणि ‘संपलं का?’ याखेरीज दुसरे काही विचारायचे त्यांना सुचत नसेल. हे मी खात्रीने सांगू शकत नाही, पण तुम्ही विचारून पाहू शकता. तुम्हाला कुठे आणि का रडू येते हे तुम्ही मला, एका अनोळखी बाईला, पानभर लिहून कळवलेत. त्यांना त्यातला एक शब्दही माहीत नाही. पाकिटाचा प्रसंग त्यांना सांगा, हात पुसण्यासकट सांगा. आणि येत्या शनिवारी चित्रपट सुरू होण्यापूर्वीच दुसरी खुर्ची शेजारी ओढून ठेवा, चहाही त्याच वेळी करा. त्यांनी आजवर या गोष्टीचा फक्त शेवट पाहिला आहे, तोही उभ्याने.

तुमची,
ताई