चिनी लोक अंत्यविधीत कागदाची घरं, नोटा का जाळतात? कुणी जवळून पाहिलंय का?

पाहिलंय, आणि थोडा हातभारही लावलाय. बाबांच्या नोकरीमुळे माझं लहानपण सिंगापूरला, तोआ पायोत गेलं. शेजारी होक्किएन, म्हणजे मूळच्या चीनमधल्या फुजियानकडच्या लोकांचं कुटुंब होतं. त्यांची आजी, आम्हीही तिला आ-माच म्हणायचो, मी चौथीत असताना गेली.

तिथल्या सरकारी राहत्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. लग्नंही तिथेच, मयतंही तिथेच. शवपेटी 3, 5 किंवा 7 दिवस ठेवतात, आकडा विषमच. रात्रभर कुणीतरी जागं राहायचं असतं. पुरुष शेंगदाणे सोलत पत्ते खेळायचे आणि बायका जॉस पेपरच्या, म्हणजे मृतांसाठी जाळायच्या कागदाच्या, घड्या घालायच्या.

खरबरीत कागद, मधे रुपेरी वर्खाचा चौकोन. तो नळीसारखा गोल करायचा आणि दोन्ही टोकं आत दुमडायची, की होडीच्या आकाराची चांदीची लगड तयार. मी पहिल्या दहा-बारा चांगल्या दाबून चपट्या केल्या, आपण पापड एकावर एक रचतो तशा. सूनबाई, म्हणजे आमची आंटी, हसली आणि एकेक उचलून तिने बोटाने पुन्हा फुगवली. लगड पोकळ, फुगीरच हवी. पहाटेपर्यंत मोठमोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या भरल्या होत्या.

घर मात्र विकत आणलेलं. दुमजली, माझ्याहून उंच. आत वाकून पाहिलं तर कामट्या आणि खळ, थेट आपला आकाशकंदील! सोबत टीव्ही, नोकर आणि गाडी. आ-माला गाडी कुठे चालवता येत होती, म्हणून कागदाचा ड्रायव्हरही बसवलेला.

कारण विचाराल तर साधं आहे. मेलेल्या माणसाचा तिकडे संसार असतो, आणि इथे जाळलेलं तिकडे पोचतं. नोटांवर इंग्रजीत ‘हेल’ छापलेलं वाचून मी घाबरलो होतो. पण तो आपल्या मनातला नरक नव्हे, सगळ्यांनाच जावं लागतं असा तो परलोक. जाळताना नातेवाईक भोवती कडं करून उभे राहिले, वाटेत भटक्या भुतांनी लुटू नये म्हणून. आईला यातलं काहीच विचित्र वाटलं नाही. पिंडाला कावळा शिवेना तर आपणही ‘काय राहिलं असेल’ म्हणून आठवत बसतोच की, म्हणाली.

एक लगड मी खिशात घालून घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी आईला सापडली. मयताकडची वस्तू घरात आणली म्हणून मला आधी आंघोळीला पिटाळलं, मग ती परत करायला. आंटी रागावली नाही. दर सातव्या दिवशी विधी असतो, असे 49 दिवस. पहिल्या सातव्याला तिने मला हाक मारली, लगड माझ्या हातात दिली आणि खालच्या जळत्या पिंपात मलाच टाकायला लावली. खिशात राहून ती चपटी झाली होती. टाकण्याआधी मी ती फुगवली.