आठवड्याच्या आत त्याचं घर गाठ

तुझा रविवारचा फोन डोक्यातून जात नाही. "माझा पेशंट वर्षात तिसऱ्यांदा ॲडमिट झाला, मग आपण करतो तरी काय?" एवढं बोलून गप्प झालीस. मला दुसरंच विचारायचंय. मागच्या डिस्चार्जनंतर त्याच्या घरी कोण गेलं होतं?

कोणी नाही ना? मग आठवड्याच्या आत घर गाठ, हे मी काय भिंतीला सांगत होते?

खरं तर मीही जात नव्हते. माझा एक पेशंट, चोवीस वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास-संशयाच्या मानसिक आजाराचा, वॉर्डात छान सुधारला. घरी सोडला आणि चाळिसाव्या दिवशी जीपमधून हात बांधून परत आणला. तेव्हा कुठे मी त्याचं घर पाहिलं. डिस्चार्ज कार्ड देवळीत, रेशनकार्डासोबत पिशवीत जपून ठेवलेलं. गोळीपुढे 'एचएस' लिहिलेलं, म्हणजे झोपताना. ते त्या घरात कोणाला कळणार? आई सकाळच्या चहाबरोबर गोळी द्यायची. पोरगा दिवसभर बांधावर पेंगायचा, रात्री टक्क जागा. बाप म्हणायचा, आळशी. शेवटी आईनेच गोळ्या बंद केल्या, मायेपोटी. फाइलवर आमचा शेरा काय, तर 'औषधांत हलगर्जी'. अक्षर माझंच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात डिस्चार्जच्या नियोजनाचं कलम आहे, फॉर्म तू भरलाच असशील. पण घर गाठ. १९५०च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना काय दिसलं, ठाऊक आहे? मनोरुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पेशंट, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडले. मायेच्या घरातसुद्धा!

त्यानंतर मी जात राहिले. ऑफिसात मला 'टूरवाली बाई' म्हणायचे, भत्त्याची बिलं परत यायची. पदरचे पैसे घालून एसटीने फिरले. मुलीची दहावी कशी गेली, मला नीट आठवत नाही. तरी सांगते, माझं चुकलं नाही. निदान सगळं चुकलं नाही. माझे पेशंट पुन्हा भरती झालेच, पण काही जण रात्रीची झोप उडू लागताच, आजार परततोय हे ओळखून, स्वतःच्या पायांनी ओपीडीत आले.

गुरुवारी डिस्चार्ज आहे म्हणालीस ना? पुढच्या बुधवारी सकाळची एसटी पकड. गोळ्यांची पट्टी मागून घे, स्वतः मोज. चहा ठेवतील, नको म्हणू नकोस. चहा उकळेपर्यंत त्या घरात कोण त्याच्याशी कसं बोलतं, तेवढं ऐक.