वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं यावर मराठी वेबसाइट काढायची आहे, नियोजन कसं करू?

तुम्ही ऐरोलीत शिकवता आणि साइटवर उपयोगी ॲप्सची यादी देणार आहात, असं प्रश्नात लिहिलंय. मी कळव्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. माझं स्पष्ट मत सांगतो: यादी नको, तासिका द्या. ॲपची नावं कोणालाही गूगलवर सापडतात. उद्या तिसऱ्या तासाला, भरलेल्या वर्गात, एकाच प्रोजेक्टरवर, ३५ मिनिटांत नेमकं काय करायचं, हे मात्र मराठीत फारसं कोणी लिहून ठेवत नाही.

नववीचा ‘धाराविद्युत’ घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात ओहमच्या नियमाचं सिम्युलेशन मोफत आहे. विभवांतराची (व्होल्टेजची) पट्टी सरकवली की विद्युतधारेचा आकडा बदलतो, सूत्रातली अक्षरंही लहानमोठी होतात. एवढं सांगून पान संपवलंत तर शिक्षक ते चालवून दाखवतील, मुलं बघतील आणि घंटा होईल. त्याऐवजी असं लिहा: पट्टीला हात लावण्याआधी विचारा, रोध (रेझिस्टन्स) तेवढाच ठेवून विभवांतर दुप्पट केलं तर धारेचं काय होईल? प्रत्येकानं वहीत उत्तर लिहायचं. मग एखाद्या मुलीला पुढे बोलावून पट्टी सरकवायला लावा. त्यानंतर रोध दुप्पट. इथे बरीच मुलं गडबडतात, कारण एक वाढलं की दुसरंही वाढतं हे डोक्यात पक्कं झालेलं असतं. या टप्प्याला पाच मिनिटं जास्त ठेवा. शेवटी सेल, तारा आणि छोटा बल्ब मुलांच्या हातात द्या. पडद्यावरची जोडणी कधी सैल होत नाही, हातातली होते, आणि बल्ब का लागत नाही हे शोधताना मुलं विद्युत परिपथ खरा समजून घेतात.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर इयत्ता, पाठ, लागणारं साहित्य, नेट हवं की नको, आणि वीज गेली तर तोच भाग फळ्यावर कसा घ्यायचा, एवढं असू द्या. फेटची बरीच सिम्युलेशन्स डाउनलोड करून नेटशिवाय चालतात, ते ठळक लिहा.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं क्यूआर कोडचं काम पाठ्यपुस्तकाच्या पानालाच जोडलेलं होतं. तुमची रचनाही पुस्तकाच्या क्रमानं ठेवा, कारण शिक्षक पाठाच्या नावानं शोधतात. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर व्हिडिओ भरपूर आहेत. ते पुन्हा बनवत बसू नका; दुवा द्या आणि व्हिडिओ कुठे थांबवून काय विचारायचं ते लिहा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली पाठांची टाचणं तशीच चढवली तर ती शोधात येत नाहीत. मुलांचे फोटो, नावं, गुण साइटवर अजिबात नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

सुरुवात एका इयत्तेच्या एकाच विषयानं करा. चार-पाच पाठ झाले की शेजारच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना ते घेऊन बघायला सांगा. जिथे त्यांना तुम्हाला फोन करावा लागेल, तेवढा भाग पुन्हा लिहा. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा वार्षिक नियोजन लिहिलं जातं. त्याआधी साइट सुरू झाली तर शिक्षकांना तुमचे पाठ त्यातच धरता येतील.